डबा जागेवर आहे का?

(दहावी १९९७च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)

आदरणीय गुरुजन, आणि ज्यांना आदरणीय म्हटलं तर एकमेकांकडे बघून हसतील अशा माझ्या वर्गमित्र-मैत्रिणींनो,

संयोजकांनी मला वीस मिनिटं दिली आहेत. विषय सुचवला होता 'कृत्रिम बुद्धिमत्ता आणि आपले भविष्य'. मी हात जोडून नाही म्हटलं. त्या विषयावर बोलणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांना जेवणाच्या आधी थांबवणं अवघड जातं. मी माझ्या रोजच्या कामातलं एक काम सांगते. ते लातूरचं आहे आणि त्यात म्हाताऱ्या माणसांचे पैसे अडकले होते.

मी नेमकं काय करते हे माझ्या आईला अजून नीट सांगता आलेलं नाही. 'पुण्याला कंप्युटरवर असते' एवढ्यावर तिचं भागतं. विष्णुपुरीच्या आपल्या श्री गुरु गोविंदसिंगजी अभियांत्रिकी महाविद्यालयातून २००३ साली बाहेर पडले तेव्हा वाटलं होतं की नवीन काहीतरी बांधायचं. प्रत्यक्षात बहुतेक आयुष्य दुसऱ्यांनी लिहून ठेवलेले जुने प्रोग्रॅम वाचण्यात गेलं. नवा बंगला बांधणारा इंजिनिअर लागतो, तसा जुन्या वाड्याची गळती नेमकी कुठून होते ते शोधणाराही लागतो. मी दुसऱ्या प्रकारातली.

हे काम पायथन नावाच्या भाषेत होतं. पायथन म्हणजे अजगर, पण त्या भाषेचा अजगराशी संबंध नाही. गिदो व्हान रॉसम या डच माणसाने १९९१ साली ती लोकांपुढे आणली आणि 'माँटी पायथन' या इंग्रजी विनोदी कार्यक्रमावरून तिचं नाव ठेवलं. आपण तेव्हा चौथीत होतो. नंतर शाळेत कॉम्प्युटरची खोली आली, तिथे चपला बाहेर काढून जायचो आणि प्लास्टिकचं झाकण काढायचा मान मॉनिटरला असायचा. वर्गाच्या मॉनिटरला, कॉम्प्युटरच्या नव्हे.

आता 'इम्पोर्ट' म्हणजे काय ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. तुमच्या घरी येसराची आमटी होते. आमटी करताना येसर कुणी नव्याने भाजून दळत नाही. ते आधीच करून डब्यात भरलेलं असतं. आमटीच्या कृतीत एक ओळ असते, 'डब्यातलं दोन चमचे येसर घ्या.' प्रोग्रॅममध्ये अशा ओळीला इम्पोर्ट म्हणतात. एका फाइलीत व्याजाचा हिशेब लिहिलेला असतो, दुसरीत तारखांचा, तिसरीत पासबुक छापण्याचा, आणि प्रत्येक फाइल दुसरीला म्हणते, तुझ्याकडचं अमुक मला दे.

आता पायथनची खोड ऐका. ही भाषा कृती आधीपासून शेवटपर्यंत वाचून सगळे डबे आहेत का ते तपासत नाही. ती वाचत वाचत स्वयंपाक करते. डबा फडताळात नाही हे तिला कळतं ते पाटावर पाहुणे बसल्यावर. आणि येसर घ्या ही ओळ जर 'दिवाळीला करायचे पदार्थ' या भागात असेल, तर डबा हरवून दहा महिने झाले तरी रोजचं वरणभात छान होत राहतं.

लातूर जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेचं असंच वरणभात चाललं होतं. नाव सांगत नाही, या सभागृहात त्यांचे ठेवीदारही असतील. त्यांचा प्रोग्रॅम २०१० साली दोन नव्या इंजिनिअर मुलांनी लिहिला होता. मुलं हुशार होती हे कोड वाचताना कळतं, आणि घाईत होती हेही कळतं. दोघं पुढे परदेशी गेले. प्रोग्रॅम पायथनच्या दुसऱ्या आवृत्तीत होता. त्या आवृत्तीची देखभाल १ जानेवारी २०२० पासून बंद झाली आहे. जुना सर्व्हर दम टाकू लागला तेव्हा संस्थेने नवं मशीन घेतलं आणि एका पुरवठादाराकडून सगळा प्रोग्रॅम तिसऱ्या आवृत्तीत आणून घेतला. त्यासाठी आपोआप रूपांतर करणारं साधन मिळतं. त्याने ते चालवलं. स्क्रीन उघडली, पासबुक छापलं गेलं, पिग्मी एजंटांच्या पावत्या जमा झाल्या. सगळ्यांनी पेढे खाल्ले. तो जानेवारी महिना होता.

फेब्रुवारीत मला बोलावलं ते वेगळ्याच कामासाठी, मोबाइलवर शिल्लक दाखवायची होती म्हणून. नांदेडला आईकडे आले होते, तिथून लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूरला गेले. पहिल्याच दिवशी मी विचारलं, "वर्षअखेर चालवून पाहिली का?" उत्तर आलं, "वर्षअखेर मार्चला असते, ताई."

उत्तर चुकीचं नव्हतं. वर्षअखेरीचं व्याज ३१ मार्चच्या रात्री एकदाच जमा व्हायचं. त्यासाठीच्या फाइली एरवी कुणी उघडतच नव्हतं. म्हणजे त्यातला एखादा इम्पोर्ट तुटला असेल तर त्याची बातमी कळायला ३१ मार्चची रात्रच उजाडावी लागणार होती.

आता तुम्ही म्हणाल, मग सगळ्या फाइली एकदा चालवून बघा. पण इम्पोर्ट केलं की त्या फाइलीत मोकळ्यावर लिहिलेली सगळी कामं पायथन लगेच करून टाकतो. डबा आहे का बघायला झाकण उघडावं आणि आमटीच शिजायला लागावी, असा प्रकार. त्या तीनशेच्या वर फाइलींत एक अशी होती की ती नुसती बोलावली तरी थकबाकीदारांना नोटिशीचे एसएमएस सुटले असते. शिवाय फाइल चालवून पाहिली तरी जी ओळ एखाद्या अटीच्या आत आहे, फक्त मार्चमध्ये किंवा फक्त लीप वर्षात चालणारी, तिच्यापर्यंत आपण पोचतच नाही.

म्हणून मी काही चालवलं नाही. नुसतं वाचलं. पायथनमध्येच एक सोय आहे, एएसटी नावाची. ती फाइल न चालवता तिचं व्याकरण सोडवून देते. आठवीत बाई फळ्यावर वाक्यपृथक्करण करून घ्यायच्या, हा कर्ता, हे कर्म, हा विधेयविस्तार, अगदी तसंच. पन्नासेक ओळींचा छोटा प्रोग्रॅम लिहिला. त्याने प्रत्येक फाइलीचं पृथक्करण करायचं, त्यातली इम्पोर्टची वाक्यं वेगळी काढायची, मग ती अटीच्या आत दडलेली असोत की शेवटच्या पानावर असोत, आणि एक यादी करायची: कोण, कुठल्या ओळीवर, कुणाकडून, काय मागतंय. मग यादीतला एकेक डबा खरंच फडताळात आहे का ते बघायचं. झाकण उघडायचं नाही.

या मेळाव्याच्या समितीने हेच केलं आहे. शाळेच्या जुन्या रजिस्टरवरून यादी केली आणि एकेकाला शोधलं. सहा आकडी लँडलाइन नंबर, पाडलेली घरं, आणि आपल्या वर्गातल्या मुलींची बदललेली आडनावं. २००८ साली गुरु-ता-गद्दीच्या वेळी नांदेडचे रस्ते रुंद झाले आणि 'पानटपरीच्या मागे' असे कितीतरी पत्ते निकामी झाले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पायथनची तिसरी आवृत्ती आली आणि तिथेही बऱ्याच मॉड्यूलांची नावं बदलली. काहींचं पहिलं अक्षर कॅपिटलचं साधं झालं, काही दुसऱ्या घरात गेली. यातली माहितीतली नावं रूपांतराच्या साधनाने नीट बदलली होती. ते काम त्याने चोख केलं, उगाच नाव ठेवत नाही.

राहिल्या त्या तऱ्हेवाईक. यादीत एकूण सत्तावीस जागी डबा नव्हता. काही ठिकाणी डबा होता पण आतलं येसर दुसऱ्या डब्यात हलवलेलं. पायथनमध्ये कलेक्शन्स नावाचं मॉड्यूल आहे. त्यातल्या काही वस्तू फार पूर्वी शेजारच्या मॉड्यूलमध्ये ठेवल्या गेल्या, जुन्या जागी मागितलं तरी अनेक वर्षं मिळत होतं, आणि २०२१ साली आलेल्या ३.१० आवृत्तीत ते मिळणं बंद झालं. एका जागी उलटी गंमत. कुणीतरी सुट्ट्यांच्या यादीच्या फाइलीला कॅलेंडर असं नाव दिलं होतं, आणि पायथनचं स्वतःचं कॅलेंडर नावाचं मॉड्यूल आहे. आपल्या वर्गात एकाच नावाच्या तिघी होत्या. बाईंनी हाक मारली की पहिल्या बाकावरची उठायची, मग बाईंना शेवटच्या बाकावरची का हवी असेना. पायथनही ठरलेल्या क्रमाने फोल्डर बघतो आणि पहिलं जे सापडेल ते घेतो. यादीत तिथे डबा 'आहे' असंच दिसतं. असे प्रकार डोळ्यांनीच पकडावे लागतात.

आणि एक प्रकार यादीत येतच नाही. प्रत्येक शाखेची एक फाइल होती आणि तिचं नाव प्रोग्रॅममध्ये थेट लिहिलेलं नव्हतं. शाखेचं नाव डेटाबेसमधून घ्यायचं आणि त्या नावाची फाइल उघडायची, अशी रचना. २०२३ साली उस्मानाबादचं धाराशिव झालं. संस्थेने पाटी बदलली, शिक्के बदलले, आणि कुणा कर्तव्यदक्ष माणसाने फाइलीचंही नाव धाराशिव केलं. डेटाबेसमध्ये मात्र शाखा अजून उस्मानाबादच होती. रोजच्या कामात ती फाइल लागत नव्हती. ३१ मार्चला लागली असती. हे व्याकरणाने सापडत नाही, त्यासाठी 'नाव जोडून उघडणाऱ्या' ओळी शब्द शोधून काढाव्या लागल्या आणि डेटाबेसमधल्या नावांशी ताडून पाहाव्या लागल्या.

एकमेकींकडेच मागत बसणाऱ्या फाइलीही निघाल्या, पहिली दुसरीला म्हणते दे, दुसरी पहिलीला म्हणते आधी तू दे. तिथल्या पोरांनी त्याला लगेच 'गंजगोलाई' नाव ठेवलं. पुढे जाते.

सत्तावीसपैकी सव्वीस जागा अशा होत्या की तिथे पोचल्यावर प्रोग्रॅम ओरडला असता आणि थांबला असता. रात्री धावपळ झाली असती, संचालकांचे फोन आले असते, पण कुणाचा पैसा गेला नसता. सत्ताविसावी जागा ओरडणारी नव्हती. तिथे लिहिलं होतं: अमुक फाइल आणून बघ, नाही सापडली तर जादा दर शून्य धर आणि पुढे चल.

अशी सोय पायथनमध्ये आहे आणि ती वाईट नाही. छान मसाला नसेल तर साधा वापर, म्हणायला ती ठेवलेली असते. इथे मात्र न सापडणारी फाइल ज्येष्ठ नागरिकांची होती. साठीच्या पुढच्या ठेवीदारांना अर्धा टक्का जादा व्याज, आणि तो अर्धा टक्का वर्षातून एकदा, मार्चअखेरीस जमा होत असे. दोन लाखांच्या ठेवीवर हजार रुपये. अकराशेच्या वर खाती. कुठे लाल अक्षरं येणार नव्हती, यंत्र थांबणार नव्हतं, ताळेबंदही जुळला असता. गंजगोलाईत भाजी विकणाऱ्या आजीला, किंवा सर, तुमच्यासारख्या निवृत्त शिक्षकांना, हजार रुपये कमी आले असते. आणि तुम्ही काउंटरवर विचारलं असतं तर समोरच्या मुलीने खरोखर मनापासून सांगितलं असतं, "आजोबा, कॉम्प्युटरने हिशेब केलाय."

मग ही फाइल गेली कुठे? जुन्या सर्व्हरवर गेल्या मार्चपर्यंत ते व्याज बरोबर जमा झालेलं होतं. म्हणजे तिथे असणार. जुना सर्व्हर माळ्यावर, भंगारात द्यायच्या खुर्च्यांच्या मागे होता. तो चालू झाला ही संस्थेची पुण्याई. त्यात बघितलं तर मूळ फाइल तिथेही नव्हती! केव्हा पुसली गेली हे कुणालाच आठवत नव्हतं. होती ती तिची पीवायसी प्रत.

पायथन एखादी फाइल इम्पोर्ट करतो तेव्हा तिची यंत्राला सोपी जाईल अशी दुय्यम प्रत करून ठेवतो. दुसऱ्या आवृत्तीत ती मूळ फाइलीच्या शेजारीच पडलेली असायची, आणि मूळ फाइल पुसली तरी ही प्रत एकटी काम करत राहायची. नव्या आवृत्तीत या प्रती वेगळ्या कोठडीत असतात आणि मूळ फाइल गेली की तिकडे कुणी बघत नाही. पुरवठादाराने फक्त मूळ फाइली नवीन मशीनवर नेल्या. नियमाप्रमाणे तेच करायचं असतं, कारण दुय्यम प्रत पुन्हा तयार होते आणि जुन्या आवृत्तीची प्रत नव्याला चालतही नाही. पण जिची मूळच नाही तिची प्रत कशातून तयार होणार?

अशी प्रत उलटी वाचून देणारी साधनं आहेत. वाचली. नावं, आकडे, अटी, सगळं परत आलं. आलं नाही ते लिहिणाऱ्याने बाजूला मारलेल्या टिपा, कारण त्या प्रतीत उतरतच नाहीत. आणि नेमकी टीप हवी होती, कारण तिथे एक अट होती: वय साठ किंवा जास्त, किंवा खात्यावर 'व' अशी खूण. 'व' म्हणजे काय? ऑफिसातल्या कुणाला माहीत नव्हतं. व्यवस्थापक म्हणाले, जुनं काहीतरी असेल, काढून टाका. मी म्हटलं, एक दिवस थांबा.

त्या प्रतीच्या अगदी सुरुवातीला चार बाइटमध्ये मूळ फाइल शेवटची कधी बदलली ती वेळ लिहिलेली असते. ती उलगडली तर ऑक्टोबर २०१६ निघाला. मग निवृत्त हिशेबनीस काकांना घरून बोलावलं. मी विचारलं, "काका, सोळा साली ऑक्टोबरमध्ये व्याजाच्या नियमात काही बदललं होतं का?"

काका क्षणभरही थांबले नाहीत. "सोळा म्हंजी रेल्वेनं पाणी आलं ते साल. त्या सालच्या सभेत ठराव झालेला हाय. ज्या बाया एकट्या पडल्या त्यांना वय न बघता म्हाताऱ्या माणसांचा दर द्यायचा. 'व' म्हंजी विधवा. प्रोसिडिंग बुक काढा की."

एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं, ते तुम्हा सगळ्यांना आठवत असेल. त्या वर्षीच्या वार्षिक सभेचं प्रोसिडिंग बुक काढलं. ठराव होता, सूचक-अनुमोदकांसह, एकमताने. 'व'ची खूण असलेली खाती निघाली एकशे तीस, आणि त्यातल्या कित्येक बायकांचं वय आजही पन्नाशीच्या आत आहे. 'जुनं काहीतरी' म्हणून ती अट काढली असती तर त्यांचा दर गेला असता, आणि संस्थेत कुणालाही तसं करायचं नव्हतं.

काकांनी आणखी एक दिलं. कॉम्प्युटर नवा आला तेव्हा त्यांचा त्यावर विश्वास नव्हता, म्हणून पहिली दोन वर्षं त्यांनी निवडक खात्यांचं व्याज हाताने काढून लांबड्या वहीत लिहून ठेवलं होतं. ती वही घरी ट्रंकेत होती. ठराव नंतरचा असला तरी ज्येष्ठांचा हिशेब तोच होता, साठी वर्षाच्या मध्ये पूर्ण झाली तर त्या तारखेपासून जादा दर, वगैरे. आम्ही परत मिळवलेली फाइल त्या वहीतल्या खात्यांवर चालवली. एका खात्यात एक रुपयाचा फरक आला. काकांनी चष्मा पुसला, पुन्हा बेरीज केली आणि म्हणाले, "ह्यो माझा हातचा ऱ्हायलाय." तेरा वर्षांनी स्वतःचा हातचा सापडल्याचा त्यांना केवढा आनंद झाला!

३१ मार्चला मी लातूरलाच थांबले. रात्री पावणेदहाला व्याज जमा झालं. सांगण्यासारखं काही घडलं नाही.

जी 'नाही सापडली तर शून्य धर' ओळ होती ती मी काढून टाकली. ती फाइल नसेल तर आता प्रोग्रॅम थांबतो आणि मोठ्या अक्षरात सांगतो की ज्येष्ठांची फाइल नाही, व्याज जमा करू नका. संचालक मंडळातल्या एकांना हे आवडलं नाही, यंत्र थांबलं तर लोकांत चर्चा होते म्हणे. मी म्हटलं, होऊ द्या चर्चा.

त्या फाइलीच्या डोक्यावर काकांनी सांगितलं तसं मराठीत लिहून ठेवलं आहे: सभेची तारीख, ठराव, प्रोसिडिंग बुकाचं पान, आणि 'व' म्हणजे काय. नव्या पायथनमध्ये देवनागरी टीप सरळ लिहिता येते, जुन्यात त्यासाठी वर वेगळी ओळ टाकावी लागायची. डबे मोजणारा तो पन्नास ओळींचा प्रोग्रॅम आता रोज रात्री आपोआप चालतो आणि काउंटरवरची मुलगी सकाळी दहाला त्याची यादी बघते. परवा तिचा फोन आला होता, "ताई, दोन दिसतायत." कुणीतरी पुन्हा एका फाइलीचं नाव बदललं होतं. तिने स्वतःच दुरुस्त केलं, मला फक्त कळवलं.

आपल्यातले बरेच जण दुकानं चालवतात, दवाखाने, शाळा, जिनिंग चालवतात. कुणाकडे असा कुणीतरी लिहून दिलेला, लिहिणारा निघून गेलेला जुना प्रोग्रॅम चालू असेल, तर जुनं मशीन भंगारात घालण्याआधी मला फोन करा. नंबर समितीच्या यादीत आहे. मी माहेरचंच आडनाव लावते, त्यामुळे रजिस्टरवरूनही सापडेन.